कॅरोलिना गोल्ड तांदूळ: भात एक नंबर, पाकिटावरची गोष्ट मात्र अर्धवट

ज्यांना फक्त घ्यावा की नको एवढंच हवंय त्यांना आधीच सांगते, घ्या. महाग आहे, रोजच्या भाताला परवडणार नाही, पण अमेरिकेत राहणाऱ्या भातखाऊ मराठी माणसाने हा तांदूळ एकदा तरी घरी आणून नीट शिजवून खावा असाच आहे, आणि पेज, मऊभात, दहीभात यांची आवड असेल तर अख्ख्या तांदळाबरोबर याची कणी पण मागवा, ती वेगळ्या पाकिटात मिळते. माझी तक्रार भाताबद्दल नाहीच. तक्रार आहे पाकिटावर जे छापलंय त्याबद्दल, आणि ती छोटी नाहीये म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे.

कॅरोलिना गोल्ड हा साऊथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीचा जुना वाण. या नावाने तो गाजला अमेरिकन क्रांतीनंतरच्या काळात, पण ज्या भातशेतीतून तो वर आला ती शेती इंग्रजांच्या वसाहतीतली, क्रांतीच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं चालू असलेली. पाकीट उघडल्यावर पिवळा तांदूळ निघेल असं समजू नका, सोनेरी रंग असतो तो शेतातल्या पिकलेल्या भाताच्या तुसाचा, आतला दाणा पांढराच. हल्ली दोनचार छोट्या गिरण्या हा तांदूळ विकतात, मी वेगवेगळ्या ठिकाणचा घेऊन बघितलाय, दाण्यात थोडाफार फरक असतो पण चव तीच. चांगल्या गिरणीचा असेल तर सगळा कोंडा काढलेला नसतो, दाणा हातावर घेऊन उजेडात बघितला तर कडेला फिकट तपकिरी रेघ दिसते, आणि पाकीट फोडल्या फोडल्या सुकवलेल्या गवताचा आणि थोडासा बदामाचा वास येतो. सुपरमार्केटच्या तांदळाला असा काही वासच नसतो. आंबेमोहराचा घमघमाट मात्र यात शोधू नका, तो वेगळा प्रकार. वासाचाच हवा असेल तर याच कुळातला चार्ल्सटन गोल्ड म्हणून नवा वाण आहे, बुटक्या रोपाचा आणि सुगंधी, आणि तो तयार करण्यात गुरदेव खुश यांचा हात आहे, तेच आपले पंजाबातले, फिलिपिन्सच्या तांदूळ संशोधन संस्थेत आयुष्य घालवलेले.

आता शिजवायचं कसं. चार्ल्सटन म्हणजे साऊथ कॅरोलिनातलं बंदराचं शहर, तिकडची पद्धत म्हणजे मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, मीठ, पाणी खळखळ उकळलं की धुतलेला तांदूळ सोडायचा, दाणा आतून जेमतेम शिजला की वेळून घ्यायचा, मग ट्रेमध्ये पसरून वर लोण्याचे छोटे तुकडे टाकून मंद ओव्हनमध्ये थोडा वेळ कोरडा करायचा. असा केला की दाणा न् दाणा सुटा, बाहेरून कोरडा आणि चावताना आतून मऊ, आमटी ओतली तरी गिचका होत नाही. लोण्याऐवजी साजूक तूप घातलं तर मला जास्त आवडतो आणि घरातल्या सगळ्यांचं हेच मत पडलं. दुसरी पद्धत आपली कुकरची, पाणी दुपटीपेक्षा जरा जास्त, यात तो एकदम वेगळाच होतो, मऊ, थोडा चिकटसर, वरणभातासाठी आणि हाताने कालवून खायला फार छान. एकच तांदूळ सुटाही होतो आणि मऊही, हे सगळ्या तांदळांना जमत नाही, बासमतीचा मऊभात कोणी करून बघितला असेल तर त्याला कळेल मी काय म्हणते ते. मसालेभाताला मात्र मी हा वापरणार नाही, मसाल्याखाली त्याची चव पार मरते आणि मग एवढे पैसे देण्यात अर्थ नाही.

चवळीबरोबर नक्की करा. त्या भागात चवळी आणि भाताचा एक पदार्थ नवीन वर्षाच्या दिवशी करतात, हॉपिन जॉन म्हणतात त्याला. मुळात तिथली छोटी लाल चवळी आणि धुरावलेलं डुकराचं मांस घालून होतो, चवळी शिजवलेल्या पाण्यातच भात शिजवायचा, सगळी मजा त्या पाण्यात. इंडियन दुकानातली आपली लाल चवळी घेतली तरी चालते, पीक तेच आहे, मूळचं आफ्रिकेचं, तिथून एकीकडे आपल्याकडे आलं आणि दुसरीकडे गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेला गेलं. मी मांस न घालता कांदा, तमालपत्र, एक सुकी मिरची आणि शेवटी तूप एवढ्यावर करते. पोटभरीचं जेवण होतं, बाजूला नुसतं लोणचं पुरे.

आणि कणी. ही मला अख्ख्या तांदळापेक्षाही जास्त आवडली. पेज करा, मीठ आणि तूप घालून, आजारी माणसाला तर द्याच पण थंडीत सकाळी नाश्त्याला सुद्धा, दुधाळ आणि दाट होते, गिचगिचीत नाही. या कणीला तिथे मोठा इतिहास आहे. युरोपात भाव मिळायचा तो अख्ख्या दाण्याला, म्हणून अख्खा तांदूळ पिंपात भरून जहाजावर चढायचा आणि तुटलेला मागे घरात राहायचा. ज्यांनी तो पिकवला, कांडला, पाखडला त्यांच्या वाट्याला आला तर हाच, कणीचा. आज तीच कणी सुंदर पाकिटात, वर खास शेफ लोकांची शिफारस छापून विकली जाते. कणीला मान मिळाला याचा मला आनंदच आहे, फक्त ती कोणी खाल्ली आणि का खाल्ली एवढं एक वाक्य पाकिटावर असायला काय हरकत होती?

आता पाकिटाबद्दल. ज्या पाकिटाने मी वैतागले त्याचं नाव घेत नाही, कारण असं लिहिणारे ते एकटे नाहीत. मागच्या बाजूला गोष्ट छापलीये ती अशी की १६८५ च्या सुमारास मादागास्करहून आलेलं एक जहाज वादळात सापडून चार्ल्स टाउन (म्हणजे आजचं चार्ल्सटन) बंदराला लागलं, कॅप्टनने कृतज्ञतेने तिथल्या एका डॉक्टरला पिशवीभर बियाणं दिलं, आणि मग हुशार मळेवाल्यांनी त्या बियाण्याचं सोनं केलं. संपली गोष्ट. कॅप्टन थर्बर आणि डॉक्टर वुडवर्ड यांची ही दंतकथा तिथे खूप जुनी आहे, ती छापायला माझी ना नाही. पण ज्याने कोणी आयुष्यात एकदा तरी भातलावणी जवळून बघितलीये त्याला विचारा, नुसत्या पिशवीभर बियाण्याने भातशेती होते का? पाणी कधी घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, कधी सोडायचं, तण कधी काढायचं, कापणी झाल्यावर दाणा न मोडता तूस कसं काढायचं, हे सगळं कुणाला तरी येत असावं लागतं. इंग्लंडहून आणि कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेल्या मळेवाल्यांना यातलं काय येत होतं? इंग्लंडमध्ये भात पिकत नाही, बार्बाडोसला त्यांचा सगळा कारभार उसाचा.

येत होतं ते पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांना. सेनेगल आणि गांबिया नद्यांपासून खाली सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं भात पिकत होता, खाजणात बांध घालून केलेला सुद्धा. त्यांचा स्वतःचा वेगळा आफ्रिकन भात होता, आशियातल्या भातापेक्षा वेगळ्या जातीचा, तिथेच माणसाळवलेला. श्रेय नेमकं कुणाला किती द्यायचं यावर इतिहासकारांचे वाद चालू आहेत आणि ते वाद खरे आहेत, कारण मळेवाल्यांनीही प्रयोग केले, पैसा ओतला, जमीन मोजली. पण पेरताना टाचेने खड्डा करून बी टाकून पायानेच माती ओढायची पद्धत, लाकडी उखळ आणि दोन्ही टोकांनी कांडता येणारं मुसळ, पाखडायचं गवताचं रुंद सपाट सूप, या गोष्टी तिकडच्या आहेत याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही. आणि गिऱ्हाईकांनाही ते माहीत होतं, चार्ल्स टाउनच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती यायच्या त्यात माल भाताच्या किनाऱ्यावरून आलाय असं मुद्दाम लिहिलेलं असायचं. माणसांना माल म्हणायचे, हे लिहितानाही कसंतरी होतं.

थोडा हिशोब सांगते, कारण पाकिटावर तो नाही आणि त्याशिवाय या तांदळाचं वजन कळत नाही. चार्ल्स टाउन वसलं १६७० साली. सुरुवातीला तिथून जायचं ते हरणाचं कातडं, स्थानिक आदिवासींशी व्यापार करून मिळवलेलं, शिवाय इंग्लंडच्या जहाजांना लागणारं डांबर आणि बार्बाडोसला खारवलेलं मांस. १७०० च्या सुमारास तांदूळ वर्षाला साधारण ४ लाख पौंड बाहेर जायला लागला होता, आणि क्रांतीच्या तोंडावर हाच आकडा ६ कोटी पौंडांच्या वर गेला. पिंपंच्या पिंपं, एकेक पिंप ५०० पौंडांपेक्षा जड. १७०४ च्या कायद्याने हा तांदूळ आधी इंग्लंडलाच न्यायचं बंधन आलं, म्हणजे हॉलंड आणि हँबुर्गकडे जाणारा माल पण इंग्लंडच्या बंदरातून फिरून, मध्ये त्यांचा वाटा ठेवून. १७३० मध्ये पार्लमेंटने जरा सैल सोडलं आणि स्पेन-पोर्तुगालकडे थेट जहाज नेता येऊ लागलं. युरोपात भात काही रोजचं जेवण नव्हतं, हिवाळ्यात आणि लेंटच्या, म्हणजे ख्रिश्चनांच्या ईस्टरआधीच्या, उपवासात मागणी वाढायची, म्हणून जहाजं त्याआधी पोचली पाहिजेत अशी घाई, आणि त्या घाईचा भार येऊन पडायचा कांडणाऱ्यांच्या खांद्यावर.

कांडणं म्हणजे काय ते मी तिकडच्या एका जुन्या मळ्यावर बघितलंय, हल्ली तिथे प्रात्यक्षिक दाखवतात. सायप्रस नावाच्या झाडाच्या बुंध्याचं कोरलेलं उखळ, कमरेएवढं उंच, आणि जड मुसळ. जोरात मारलं तर दाणा मोडतो, हळू मारलं तर तूस निघत नाही, मुसळ आपटायचं नाही तर दाण्यावर दाणा घासला जाईल असं किंचित फिरवत टाकायचं. दाखवणाऱ्या बाईंनी ओंजळभर भात कांडून सुपात घेतला, दोनदा झटकला, तूस वाऱ्यावर गेलं आणि सुपात तांदूळ राहिला, कणी अगदी बोटावर मोजण्याइतकी. मला मुसळ हातात दिलं, पाचदहा मिनिटांत दंड भरून आले. आता विचार करा, दिवसभर शेतातलं काम झाल्यावर रात्री आणि पुन्हा पहाटे उजाडायच्या आधी, अख्खा हिवाळा हे करायचं. पाण्यावर चालणारी भाताची गिरणी तिकडे उभी राहिली १७८७ मध्ये. त्याआधीचा जवळजवळ सगळा तांदूळ, ते कोट्यवधी पौंड, माणसांच्या हातांनी आणि थोडाफार जनावरांच्या जोरावर निघालेला आहे.

शेतातलं काम तर त्याहून भयंकर. आधी दलदलीतली जंगलं तोडून आतल्या भागात भात व्हायचा, मग अठराव्या शतकाच्या मध्यापासून नदीकाठची भरती-ओहोटीवरची शेती वाढली. आपल्याकडे रायगडच्या खारजमिनीत बांध घालून उघाडी बसवतात ती भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायला, इथे बरोब्बर उलटं आहे, समुद्राच्या भरतीने नदीचं गोडं पाणी फुगून वर येतं ते दार उघडून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. ही दारं सुरुवातीला पोकळ केलेल्या सायप्रसच्या ओंडक्याची असायची, तोंडाला खुट्टी मारलेली. कूपर, ॲशली, सँटी या नद्यांच्या काठाने मैलोन् मैल बांध हाताने, फावड्याने घातलेले आहेत, त्यातले काही आजही दिसतात, बोटीतून गेलात तर सरळ रेषेत गेलेले गवताने झाकलेले उंचवटे म्हणजे तेच. गुडघाभर चिखल, साप, मलेरिया. मळेवाले उन्हाळ्यात तापाच्या भीतीने शहरात किंवा समुद्रावर निघून जायचे, शेतावर राहायचे ते गुलाम आणि मुकादम. लहान मुलं फार मरायची.

१७०८ च्या सुमारास त्या वसाहतीत आफ्रिकन लोक गोऱ्यांपेक्षा जास्त झाले होते. १७३९ च्या सप्टेंबरात स्टोनो नदीपाशी गुलामांनी बंड केलं, ते चिरडलं गेलं आणि १७४० मध्ये नवा कडक कायदा आला, त्यात गुलामाला लिहायला शिकवणंसुद्धा गुन्हा ठरवलं. माझा पाकिटावरचा राग आहे तो नेमका यासाठी. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्याकडून कागद उरणार कुठून, कागद उरले मळेवाल्यांचे, व्यापाऱ्यांचे, त्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि पत्रं, आणि आज पाकिटावर गोष्ट लिहिणारा त्याच कागदांतून लिहितो. त्या कागदांत पण नीट बघितलं तर सगळं सापडतं. हेन्री लॉरेन्स घ्या, चार्ल्स टाउनचा बडा व्यापारी, तांदूळ आणि नीळ बाहेर पाठवायचा आणि सिएरा लिओनच्या बन्स बेटावरून येणारी माणसं कमिशनवर विकायचा. त्या बेटावरच्या गुलामांच्या ठाण्याचा एक मालक लंडनचा रिचर्ड ऑस्वाल्ड. पुढे १७८२ मध्ये पॅरिसला शांततेच्या तहाची बोलणी झाली तेव्हा टेबलाच्या एका बाजूला अमेरिकेकडून लॉरेन्स आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनकडून ऑस्वाल्ड! जुने धंद्यातले भागीदारच.

तिकडच्या दुकानांत तांदळाशेजारी निळीच्या पुड्या आणि निळीने रंगवलेले रुमाल पण असतात, त्याबद्दल थोडक्यात. रुमाल छान आहेत, हाताने रंगवलेले घ्या. नीळ तिथे धंद्याला लागली ती १७४० च्या दशकात, इलायझा लुकास नावाच्या तरुण मुलीने वडिलांच्या मळ्यावर प्रयोग करून ती यशस्वी केली, वय विशीच्या आसपास. १७४८ पासून ब्रिटिश सरकार निळीवर पौंडामागे अनुदान द्यायला लागलं आणि १७७५ पर्यंत वर्षाला १० लाख पौंडांवर नीळ जात होती. भात दलदलीत, नीळ उंच जमिनीवर, एकमेकांच्या आड न येणारी पिकं, म्हणून तीच माणसं दोन्हीकडे राबवता आली. क्रांती झाली, अनुदान गेलं, तिकडची नीळ बसली, आणि इंग्रजांनी निळीसाठी बंगालकडे मोर्चा वळवला. बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यांवर निळीपायी जे पुढे झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, त्याचा एक धागा असा कॅरोलिनाच्या मळ्यात सापडतो हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

गुलामी संपली यादवी युद्धानंतर, मग फुकटची मजुरी गेली, लुईझियाना आणि टेक्सासकडे यंत्रावरचा स्वस्त भात आला, वादळांनी बांध फोडले, १९११ च्या वादळानंतर कॅरोलिनातली धंद्याची भातशेती जवळपास संपलीच. हा वाण परत आला १९८० च्या दशकात, जॉर्जियातल्या सव्हाना शहराचे डोळ्यांचे सर्जन डॉ. रिचर्ड शुल्झ यांना आपल्या जमिनीवर बदकं यावीत म्हणून जुना भात लावायचा होता, त्यांनी सरकारी कृषिखात्याच्या बियाणे संग्रहातून बी मिळवलं. ही गोष्ट मात्र सगळ्या पाकिटांवर असते, आणि ती आहेच सांगण्यासारखी. पण त्याच्या शेजारी गल्ला-गीची लोकांचंही नाव पाहिजे, म्हणजे त्याच गुलामांचे वंशज, किनाऱ्यावर आणि बेटांवर आपली बोली, आपलं जेवण, टोपल्या विणायची कला टिकवून राहिलेले. भात शेतातून गेला तरी भात शिजवायची पद्धत त्यांच्या चुलीवर चालूच होती.

सगळी पाकिटं वाईट नाहीत. काही विक्रेते आता मागच्या बाजूला सरळ लिहितात की ही शेती पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या ज्ञानावर आणि कष्टावर उभी राहिली, माझा सल्ला असा की ऑर्डर करण्याआधी साइटवरचं वर्णन वाचा आणि असं लिहिणाऱ्याकडूनच घ्या, चवीत काही कमीजास्त नाही. मी वैतागले त्या कंपनीला ईमेल केलाय, अजून उत्तर नाही, आलं तर इथे टाकेन.

चार्ल्सटनला जाणार असाल तर सिटी मार्केटमध्ये स्वीटग्रासच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्याकडे पाखडायच्या सुपाच्या घाटाची रुंद टोपली मिळते, गवताची गुंडाळी करून ताडाच्या पट्टीने शिवलेली. किंमत ऐकून दचकाल, पण एकेक टोपलीला कित्येक दिवस लागतात, तेव्हा कृपा करून घासाघीस करू नका. आणि गॅड्सडेन धक्क्यावरचं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम बघा, २०२३ मध्ये उघडलंय, जिथे गुलामांची जहाजं लागायची त्याच जागेवर आहे, भातशेतीची माहिती तिथे पाकिटापेक्षा कितीतरी नीट मिळते. लहान मुलं बरोबर असतील तर आधी थोडं सांगून न्या.

बाकी घेणाऱ्यांसाठी: तांदूळ आला की फ्रिजमध्येच ठेवा, कोंडा राहिलेला असल्यामुळे बाहेर लवकर खवट होतो आणि पोरकिडे पण लगेच लागतात. जास्त साठवण करू नका, लागेल तसा मागवा. भाताला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो किमतीसाठी. कणीला पूर्ण पाच. आणि पाकीट अर्धी गोष्ट सांगणारं असेल तर त्या पाकिटाला एक.